घडीची ई-सायकल कोकणात: चढ, कागद, खारं वारं आणि बंद घर

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांतून पूर्वी मखराचं सामान, मिठाईचे पुडे आणि फटाके उतरायचे. आता अधूनमधून एक घडी घातलेली बॅटरीवरची सायकलही उतरते. दीड दिवस गावभर मिरवते, पोरंटोरं आळीपाळीने फेऱ्या मारतात आणि विसर्जनानंतर ती पडवीत गोणपाटाखाली जाते. शिमग्याला मालक परत येतो, बटण दाबतो, काहीच होत नाही. मग दुकानदाराच्या नावाने शिमगा.

आमच्या दापोली तालुक्यातल्या वाडीत अशा तीन सायकली आहेत. एक माझी. दुसरी वर सांगितलेली, पडवीतली. तिसरीच्या मालकाला कागद विचारले की तो हँडलवरचा ‘२५० वॉट, लायसनची गरज नाही’ असा स्टिकर दाखवतो. या तिघींकडून आणि माझ्या स्वतःच्या दोन-तीन मूर्खपणांतून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. मुंबई-पुण्यात सपाट रस्त्यावर या सायकलीची जी माहिती मिळते ती चुकीची नसते, पण आपल्याकडे अपुरी पडते. माझ्या अनुभवात कोकणात ही सायकल चालवून कमी आणि ठेवून जास्त बिघडते.

आधी वाट मोजा, मग सायकल बघा

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि रोजची वाट लिहा. अंतर किती यापेक्षा चढ किती हे महत्त्वाचं. आपल्याकडे गाव खाली खाडीकाठी किंवा पुळणीलगत, आणि बाजार, शाळा, बँक वर सड्यावर. फोनवरच्या नकाशात उंची बघता येते.

हिशेब सोपा आहे. तुमचं वजन ७५ किलो, सायकल २२, पिशवी ३, म्हणजे एकूण १०० किलो. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला निव्वळ २७ वॉट-तास लागतात. मोटर आणि तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारं धरलं तर ४० च्या आसपास. आता हर्णै बंदर समुद्राच्या पातळीवर आणि दापोली साधारण २५० मीटर उंचीवर. म्हणजे फक्त उंचीचेच १०० वॉट-तास गेले. त्यात पंधरा-सोळा किलोमीटर रस्ता. पेडल नावालाच मारलं तर किलोमीटरला १० वॉट-तास धरा, ते झाले १५०-१६०. एकूण २६० च्या घरात.

घडीच्या सायकलीत सर्रास येणारी बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास असते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास: २८०. जाहिरातीत यावर ‘४०-५० किलोमीटर’ लिहिलेलं असतं. हर्णैवाल्याची बॅटरी दापोलीच्या एसटी स्टँडवर पोचेपर्यंत जवळजवळ संपलेली असेल. दुकानदार खोटं बोलला असं नाही; त्याने वाटेतला आसूदचा चढ पाहिलेला नसतो.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. दहा टक्के चढावर, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, १०० किलो वजन ताशी १० किलोमीटर वेगाने चढवायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्धच २७० वॉट लागतात. आणि विनानोंदणी सायकलीची मोटर कायद्याने २५० वॉटच्या आत हवी. तेव्हा कायद्यात बसणारी सायकल आपल्या घाटीत एकटी चढणार नाही, तुम्हाला पाय मारावेच लागतील. हे आधीच मनाशी पक्कं केलं नाही की माणूस ‘जरा दमदार’ मोटर शोधायला लागतो. नियम मोडायची सुरुवात बहुतेक वेळा हौसेतून होत नाही, चढातून होते.

म्हणून कोकणासाठी निवडताना मोटरचे वॉट नव्हे, गिअर बघा. एकाच गिअरची घडीची सायकल स्वस्त आणि हलकी असते, पण चढावर पाय अडकतात. सहा-सात गिअरची घ्या. चाक १६ किंवा २० इंची. लहान चाकावर तीच हबमोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेली मोटर, चढाला जास्त जोर देते, पण खड्ड्यात जास्त खोल जाते. आमच्याकडचे खड्डे पाहता मी २० इंची घेतली. १४ इंची चाकं फलाटासाठी ठीक, जांभ्याच्या रस्त्यासाठी नाहीत.

कायदा: स्टिकर नव्हे, चाचणीचा कागद

‘पंचवीसच्या आत, अडीचशेच्या आत, मग काहीच लागत नाही’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. त्यातली सूट अशी: दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल. पेडलला मदत करणारी सायकल असेल तर वेग २५ ला पोचेपर्यंत किंवा पाय थांबताच मोटरची मदत कमी होत जाऊन बंद व्हायला हवी. चांगले ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या वर नको. इतकं असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. मग नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही.

पण या सुटीच्या आधी एक अट आहे आणि तीच सगळे गाळतात. हे सगळं नियम १२६ मध्ये नेमलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असायला हवं. पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्याला सर्वात जवळची; मानेसरला आयकॅट आहे. तेव्हा सायकल खरोखर २४० वॉटची असली तरी त्या मॉडेलची चाचणीच झालेली नसेल, तर सूट आपोआप मिळत नाही. परदेशातून आलेल्या आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकलींचं दुखणं इथेच आहे. युरोपातल्या ईएन १५१९४ मानकाचा शिक्का ही चांगली खूण, पण तो आपल्या नियमातल्या कागदाची जागा घेत नाही.

‘तीस मिनिटांची शक्ती’ म्हणजे मोटर सलग अर्धा तास झेपवू शकेल एवढी शक्ती. चढावर क्षणभर ती याहून जास्त जोर देते आणि ते बेकायदा नसतं. याचाच फायदा घेऊन विक्रेते दोन्ही बाजूंनी बोलतात: गिऱ्हाईकाला ‘पाचशेचा पिकअप’ आणि पोलिसाला ‘अडीचशेची मोटर’. मोटरच्या हबवर कोरलेला आकडा, चाचणीच्या कागदावरचा आकडा आणि बिलावरचा आकडा, तिन्ही जुळले तर विश्वास ठेवा.

अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलबद्दल फार वाद होतात. नियमात दोन वेगळे प्रकार आहेत, बॅटरीवरची दुचाकी आणि पेडल-मदतीची सायकल. थ्रॉटल असलेली सायकल पहिल्या प्रकारात तपासलेली असू शकते. नंतर घरी थ्रॉटल बसवला तर मात्र तपासलेली वस्तू आणि रस्त्यावरची वस्तू एक राहत नाही.

दुकानात हे मागा, आणि फोनवर फोटो नको, प्रत मागा:

- तुमच्याच मॉडेलचं नाव असलेलं चाचणी प्रमाणपत्र
- बिल, त्यावर मॉडेल, फ्रेम क्रमांक आणि बॅटरीचा अनुक्रमांक
- हमीपत्र, त्यात बॅटरीची हमी किती वर्षांची की किती चार्जिंगची, हे स्पष्ट

दुकानदार ‘कोण विचारतंय हो’ म्हणाला तर त्याला सांगा, अपघात झाला की सगळेच विचारतात.

ती सायकल सुटीत बसत नसेल तर ती मोटार वाहन ठरते, आणि विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनशिवाय चालवण्याला ५,००० रुपये, विमा नसण्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे. अल्पवयीन मुलाने चालवली तर कलम १९९ए खाली पालकावर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येऊ शकते. पण दंड हा त्यातला लहान भाग. कुणाला धक्का लागून हाड मोडलं आणि प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, तर विमा कंपनी नसल्यामुळे भरपाई तुमच्या खिशातून. बागायत विकायची पाळी दंडाने येत नाही, अशा दाव्याने येते.

कायद्यात बसणाऱ्या सायकलवाल्यालाही सगळं माफ नाही. सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे, आणि ‘कोणतंही’मध्ये सायकलही आली.

वेगाचा छुपा मेनू

हे थोडक्यात. बहुतेक डिस्प्लेंमध्ये एक सेटिंगचा मेनू असतो, दोन बटणं एकदम दाबून उघडतो. तिथे वेगमर्यादा आणि चाकाचा आकार बदलता येतो. २० इंची चाकाच्या सायकलीत आकार १६ इंच भरला तर डिस्प्लेवर २५ दिसतो तेव्हा खरा वेग ३१ असतो. तपासायला सपाट रस्ता आणि फोनमधला जीपीएस पुरे. जुनी सायकल घेताना हे न चुकता करा. आधीच्या मालकाने ‘खोललेली’ सायकल तुमच्या नावावर बेकायदा आहे, आणि बहुतेक हमीसुद्धा त्याच क्षणी गेलेली असते.

दुकानातली दहा मिनिटं: बिजागरीपाशी थांबा

घडीच्या सायकलीचा मर्म म्हणजे तिची बिजागरी. साध्या सायकलीत फ्रेम अखंड असते. इथे मधोमध कापून पुन्हा जोडलेली. सगळा भार, ब्रेकच्या तारा आणि मोटरची वायर त्याच एका जागेवरून जातात.

हा नुसता तर्क नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये फीडो कंपनीने आपलं ‘एक्स’ हे घडीचं मॉडेल परत मागवलं, कारण फ्रेम घडीच्या भागात तुटण्याचा धोका होता. मालकांना तिने सायकल चालवणं थांबवायला सांगितलं. नाव असलेल्या कंपनीची ही गोष्ट, तर बिननावाच्या फ्रेमचं काय बोलायचं.

तपासायचं असं. सायकल उघडा, खटका लावा, सुरक्षेची कडी बसवा. मग पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं बिजागरीच्या फटीवर ठेवा. ‘टक’ असा आवाज किंवा बोटाला हालचाल जाणवली तर ती सायकल परत ठेवा. हँडलच्या दांड्याच्या खालच्या घडीवरही हेच करा. ती सुटली तर पडायच्या आधी कळतसुद्धा नाही. खटका बसताना हाताला जोर लागला पाहिजे. सहज बसणारा खटका सैल असतो, नवीन असला तरी.

मग तीन-चारदा घडी घालून उघडा आणि प्रत्येक वेळी वायर कुठे दुमडते ते बघा. ती बिजागरीच्या दातात चिमटत असेल तर सहा महिन्यांत आतून तुटणार. माझ्या पहिल्या सायकलीची तशीच तुटली होती. बाहेरून सगळं ठीक दिसायचं, डावीकडे वळलं की मोटर बंद, सरळ झालं की सुरू. दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली होती! दोष वीतभर वायरचा होता.

ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो. मागचं चाक उचलून धरा, मोटर चालू ठेवा, ब्रेक हलकेच दाबा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. दोन्ही मुठींनी. डिस्क ब्रेक घ्या. पावसात रिमवरचे रबर घसरतात आणि आपल्याकडे पाऊस चार महिने.

वजनाची मर्यादा पुस्तिकेत असते, बहुधा १०० ते १२० किलोची, आणि ती माणूस अधिक सामान धरून असते. कॅरिअरवर माणूस बसवणं ही मर्यादा मोडण्याची खात्रीची रीत. डबलसीटसाठी ही सायकल नाही. नारळाची गोण तर नाहीच नाही, आणि हे मी हसण्यावारी सांगत नाही, पाहिलंय म्हणून सांगतो.

बॅटरी आणि चार्जर

आग लागण्याची भीती सगळ्यांना असते, पण ती का लागते हे नीट कुणालाच माहीत नसतं. लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. ३६ व्होल्टच्या बॅटरीत असे दहा ओळीने जोडलेले, म्हणून तिचा चार्जर ४२ व्होल्टला थांबतो. ४८ व्होल्टच्या बॅटरीत तेरा, तिचा चार्जर ५४.६ चा. दोघांच्या पिना कित्येकदा सारख्याच असतात. मोठा चार्जर लहान बॅटरीला लावला तर सेल क्षमतेपलीकडे भरतात, तापतात, आणि आतलं नियंत्रक सर्किट निकामी असेल तर एका सेलची आग शेजारच्यांना लागत जाते. दोन सायकली असलेल्या घरात हा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. चार्जरवर तेलरंगाने सायकलीचं नाव लिहा.

लोकांचा गैरसमज असा की महाग सायकल म्हणजे सुरक्षित. मी सांगेन, सर्वात आधी बॅटरीवरचे शिक्के बघा: भारतीय मानक क्रमांक, निर्मात्याचं नाव, व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले. नुसतं निळं प्लास्टिक गुंडाळलेली, ‘आमच्याकडे बनवून मिळेल’ अशी बॅटरी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये प्रमाणित नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्या विकण्यावर कायद्याने बंदी घातली, ती अशाच बॅटऱ्यांनी घरं जळाली म्हणून.

घरी चार्ज करताना:

- जागा कोब्यावर किंवा फरशीवर. पलंगाखाली, गवताच्या माळ्यावर, लाकडी जिन्यात नाही. दाराच्या वाटेतही नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.
- माणूस जागा आणि घरात असताना. २८० वॉट-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरने चार-साडेचार तासांत भरते. रात्रभर ठेवण्याची गरजच नाही.
- उन्हातून किंवा चढावरून आल्याबरोबर नाही. अर्धा तास थंड होऊ द्या.
- विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. अवकाळी आणि परतीच्या पावसात वीज कधी जाते-येते सांगता येत नाही, आणि परत येणारी वीज जास्त दाबाने येते तेव्हा चार्जर पहिला जातो.
- जुन्या घरात अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जुगाड लावू नका.

बॅटरी फुगली, गोडसर किंवा रासायनिक वास आला, सुंसुं आवाज आला, तर हात लावू नका. माणसं बाहेर, दार ओढून घ्या, ११२ किंवा १०१ ला फोन. तो धूर विषारी असतो. बादलीभर पाणी नेऊन शौर्य दाखवण्याची ही जागा नाही.

मीठ

पुस्तिकेत ‘आयपी-६५’ किंवा ‘आयपीएक्स-४’ असं लिहिलेलं असतं. शेवटचा आकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा: ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार. या चाचण्या गोड्या पाण्याने होतात. खाऱ्या वाऱ्याचं कुणी प्रमाणपत्र देत नाही.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने हे गृहीत धरावं की सायकलीवर रोज मिठाचा पातळ थर बसतो. न चालवताही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी बोल्ट असला की त्या ओलीतून दोन धातूंमध्ये बॅटरीसारखीच क्रिया सुरू होते. पांढरी भुकटी दिसते ती हीच. सीटचा दांडा फ्रेममध्ये असा चिकटतो की गावच्या लोहारालाही हार मानावी लागते.

म्हणून नवी सायकल घरी आली की पहिल्याच आठवड्यात सीटचा दांडा, बिजागरीचा बोल्ट आणि पेडलचे आटे काढून ग्रीस लावा. वायरच्या जोडांमध्ये सिलिकॉनचं ग्रीस, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लहान ट्यूब मिळते. साखळीला सायकलीचंच तेल. खोबरेल लावू नका. ते थंडीत थिजतं, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते आणि लापशी होते. आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेल हा उपाय असतो, पण साखळीला तो लागू नाही.

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. चिखल झाला असेल तर तांब्याने पाणी सोडा. गॅरेजचा फवारा मारू नका, ती धार मोटरच्या वायरीच्या तोंडातून आत जाते. डिस्क ब्रेकच्या चकतीवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, आणि सकाळी पहिल्यांदा दाबताना ती खरखरली तर घाबरू नका, रात्रीचा गंज निघतोय.

पुळणीवर सायकल घालण्याचा मोह होतो, फोटो छान येतात. मोटरच्या बेअरिंगमध्ये वाळू आणि मीठ एकदम जातं. शिवाय वेळास, आंजर्ल्याकडे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. सायकल वर रस्त्यावर लावा आणि चालत जा.

बॅटरी खाऱ्या पाण्यात पडली, अगदी गुडघाभर भरतीत बुडाली, तर तिला मेलेली समजा. मोबाइल तांदळात ठेवतात तसं इथे काही चालत नाही. आत गेलेलं मीठ हळूहळू रस्ते तयार करतं आणि काही दिवसांनी शॉर्ट होऊ शकतं. उन्हात वाळवून चार्ज करून बघणं हा सर्वात वाईट पर्याय. घरापासून दूर, उघड्यावर, पेटणारं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.

फेरीबोट, रेल्वे, विमान

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा: या फेऱ्यांवर सायकल चढवणं सोपं, पण रॅम्पवर शेवाळ आणि डिझेल असतं. बोटीवर चढण्याआधी उतरा आणि मोटरचा मुख्य स्विच बंद करा. हँडल ढकलताना अंगठा थ्रॉटलवर जातो आणि सायकल उडी मारते. एकदा माझी अशीच पुढच्या मोटरसायकलीवर गेली होती. मालक भला माणूस, नुसतंच ‘काय हो भाऊ’ म्हणाला.

रेल्वेचं जरा अवघड. डब्यात नेण्याच्या सामानाची सर्वसाधारण मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. घडी घातलेली २० इंची सायकल रुंदीला यात बसत नाही. तिकीट तपासनीस काही बोलला नाही तर ते त्याचं सौजन्य, तुमचा हक्क नाही. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना, पार्सल कार्यालयात आधी विचारा, बॅटरीचा मुद्दा स्वतःहून सांगा आणि ब्रेकव्हॅनमधून पाठवा. डब्यातल्या मोबाइलच्या सॉकेटवर ही बॅटरी लावू नका. आणि पुलावरून २२ किलो उचलून नेण्याची तालीम घरी करून बघा. घडीची सायकल ‘हलकी’ असते हा समज पहिल्या जिन्यावर जातो.

विमानाने नेता येत नाही, हे चिपीला किंवा मोपाला पोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरच्या लिथियम बॅटरीला परवानगी नाही, आणि तुमची २८० ची आहे.

उतार

चढाची सगळे काळजी करतात, पडतात मात्र उतारावर. मागच्या हबमध्ये गिअर असलेली मोटर उतारावर अडवत नाही. ती मोकळी फिरते, स्कूटरसारखं इंजिन धरत नाही. सगळं ब्रेकवर. सलग दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करत या, मागचा आधी आणि पुढचा जोडीला. वेग ताशी वीसच्या खाली. लहान चाक खड्ड्यात अडकलं तर माणूस हँडलवरून जातो. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नसलं तरी घाला. पावसाळ्यात आंब्याचा पाला कुजलेली वळणं आणि साकवावरचं शेवाळ, इथे उतरून चाला. महामार्ग ६६ वर ट्रकच्या शेजारून ताशी वीसने जाण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. जुना गावरस्ता असेल तर तो धरा.

बिघडली तर

जवळ सेवा केंद्र नसेल तर हमी कागदावरच राहते, म्हणून घेण्याआधी विचारा: रत्नागिरी, चिपळूण, खेड यांपैकी कुठे माणूस आहे? बॅटरी कुरियरने परत पाठवायला सांगत असतील तर ती जोखीम आणि खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट सायकल घेतली त्याच दिवशी काढून जपून ठेवा, नंतर पान बदलतं.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

घर बंद करून जाताना

आता ती पडवीतली सायकल. विसर्जनानंतर मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा.

बॅटरी पूर्ण भरू नका आणि संपवूही नका. निम्म्याच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली ठेवली तर झिजते, रिकामी ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखतच नाही. शिमग्याला ‘मेलेल्या’ सायकली बहुतेक अशाच असतात. गाडीने जात असाल तर बॅटरी काढून बरोबर न्या. नाही तर घरातल्या थंड, कोरड्या, जमिनीलगतच्या जागी. माळ्यावर नको, कौलांखाली दुपारी काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे.

सायकल पुसून, साखळीला तेल देऊन, बिजागरी उघडी ठेवून उभी करा. महिनोन् महिने घडीत ठेवली तर वायर त्याच जागी दुमडून राहते. वर गोणपाट किंवा प्लास्टिक नको, ओल आत अडकते. जुनं सुती लुगडं सर्वात चांगलं. टायरमध्ये हवा भरून ठेवा.

शेजारी ज्यांच्याकडे घराची किल्ली असते त्यांना सांगा, महिन्यातून एकदा लुगडं उन्हात टाका, दोन्ही ब्रेक दाबा, चाकं हाताने फिरवा. किल्लीबरोबर चार्जर मात्र देऊ नका. माया असते, कुणीतरी ‘जरा भरून ठेवतो’ म्हणून लावून जातं.